डावीकडची खिडकी

हार्लन शॅफनरच्या पाच गोळ्या कधी एका भोकातून गेल्या नाहीत. चार जात, पाचवी शेजारी जाऊन बसे, आंघोळीला नाही म्हणणाऱ्या पोरासारखी. केलर्सव्हिलच्या नेमबाजी क्लबात अशा पाचव्या गोळीचं कारण द्यावं लागतं. बावीस वर्षांत हार्लनने वाऱ्याला दोष दिला, उन्हाच्या झळांना दिला, वाळूच्या पिशव्यांना दिला, एकदा तर नेम धरताना पाठीमागे शिंकणाऱ्या मेहुणीलाही दिला. सगळी कारणं वापरून झाल्यावर त्याने ॲक्शनला धरलं.

ॲक्शन म्हणजे रायफलीतला तो पोकळ पोलादी ठोकळा, ज्यात मागून काडतूस आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, सरकतो आणि पुढून नळी आट्यांवर बसते. स्पर्धेची नळी कुदळीच्या दांड्याएवढी जाड, आणि सगळा भार पुढे लटकलेला. कारखान्यातली साधी ॲक्शन त्या भाराने वाकते, असं हार्लनचं म्हणणं. किती वाकते ते डोळ्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी खोटंही पाडू शकत नव्हतं.

तेव्हा खास बनवून घ्यायची ठरली. पुढची दोन वर्षं हार्लन निवडच करत होता. गोल बरी की सपाट बुडाची, सहा इंची की आठ, पोलाद साधं की न गंजणारं. शुक्रवारी क्लबात तळलेल्या माशाचं सँडविच खाताना तो कागदी रुमालावर आकृत्या काढी, आणि शेजारची मंडळी खुर्च्या सरकवून लांब बसत. बायको डोरीनने त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला चांगला कोट काढला, तर खिशात तसलेच सात रुमाल निघाले.

शेवटी तो मागणीचा कागद घेऊन आयरीन कोव्हाल्चिककडे गेला. आयरीन गावातली बंदुका दुरुस्त करणारी. नवरा अँडी वारल्यावर तिने त्याची लेथ विकली नाही, स्वतः चालवायला घेतली, आणि दोन वर्षांत लोक म्हणू लागले की अँडीचा हातही बरा होता. तिने कागद वाचला. हार्लनने काडतूस घालायची खिडकी डावीकडे मागितली होती.

"काडतूस कुठल्या हाताने घालतोस तू?" तिने विचारलं.

हार्लन म्हणाला, सगळे विजेते डावी खिडकीच घेतात. उजव्या हाताने बोल्ट मागे ओढायचा, डाव्याने काडतूस टाकायचं, वेळ निम्मा.

"विजेत्यांचं नाही विचारलं मी. तुझं विचारतेय."

काचेच्या कारखान्यात पेटी पडून हार्लनच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण हार्लनला ते अपमानास्पद वाटलं. तो ॲक्शनच्या कडकपणाचे आकडे सांगू लागला. आयरीनने मान हलवली आणि ॲक्शन बनवणाऱ्या कारागिराच्या नावाने कागद पोस्टात टाकला.

चौदा महिन्यांनी ॲक्शन आली. आयरीन नळी बसवताना हार्लन घरची खुर्ची घेऊन तिच्या दुकानात येऊन बसला. ती काहीतरी चूक काढेल, मग आपण दोघं मिळून ती सुधारू, अशी त्याची आशा. पण आटे सरळ होते, तोंड काटकोनात होतं, बोल्टचे दोन्ही कान सारखे टेकत होते. तिने नळीला आटे पाडले, काडतूस बसायची खोली कापली आणि मापाच्या दोन कांड्या, एक नेमकी आणि एक केसभर मोठी, घालून पाहिल्या. नेमकीवर बोल्ट मिटला, मोठीवर अडला. म्हणजे काम चोख. मग दस्त्यात ती ॲक्शन इपॉक्सी डिंकाने पक्की चिकटवली.

"झालं?" हार्लनने विचारलं.

"झालं."

त्याचा चेहरा उतरला.

जूनच्या स्पर्धेत अख्खा क्लब त्याच्या मेजामागे जमला. सात मिनिटांत पाच गोळ्या. पहिली लागली तेव्हा वारा दाखवणाऱ्या झेंड्या स्थिर होत्या. दुसरं काडतूस आखडलेल्या बोटांतून निसटलं आणि पिशवीवर पडलं. त्याने उचललं, ते उलटं शिरलं. तोवर वारा फिरला. तिसरं मेजाखाली गेलं आणि ते शोधताना हार्लनचं डोकं मेजाला आपटलं. शेवटी पाच गोळ्यांची पाच वेगळी भोकं पडली. निदान पाचवीला त्या दिवशी एकटं वाटलं नाही. कुणी हसलं नाही. क्लबात हे फार वाईट लक्षण समजतात.

तो आठवडाभर घराबाहेर पडला नाही. डोरीनने सांगितलं, तो अंगणात बसून डाव्या हाताने वाटाणे बाटलीत टाकायचा सराव करतो, आणि वाटाणे कोंबड्या खातात. मग आयरीनच त्याच्याकडे गेली. ती स्वतः डावखुरी. म्हणाली, तुझी रायफल माझ्या हाताची आहे, माझ्याकडे अँडीची आहे, उजव्या खिडकीची. ऑगस्टच्या स्पर्धेपुरती अदलाबदल करू.

अँडीची रायफल तीस वर्षं जुनी. आत कारखान्यातलीच साधी ॲक्शन, फक्त अँडीने ती ॲल्युमिनियमच्या जाड नळकांड्यात चिकटवलेली. हार्लनने नाक मुरडलं, पण घेतली.

ऑगस्टमध्ये त्याच्या पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या. भोक बटणाएवढंही नव्हतं. शेजारच्या मेजावर आयरीनने त्याच्या रायफलीने त्याहून लहान पाडलं. हार्लन कितीतरी वेळ दुर्बिणीतून लक्ष्याकडे बघत राहिला. मग हळूच डोळे पुसले आणि तिच्याकडे आला. आयरीनला वाटलं, आता हा हाताबद्दल बोलेल.

"ॲल्युमिनियम," तो म्हणाला. "मला आधीच कळायला हवं होतं. सगळा कडकपणा नळकांड्यात असतो."

आयरीनने क्षणभर विचार केला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

"असेल," ती म्हणाली.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत क्लबातल्या नऊ जणांनी तिच्याकडे ॲल्युमिनियमची नळकांडी मागितली, त्यात दोघे तर राज्याचे विजेते. तिने लेथ सुरू केली आणि प्रत्येकाला आधी तो कुठल्या हाताने काडतूस घालतो ते विचारलं. नऊही जणांना तो प्रश्न अडाणी वाटला.