स्कूटर लावून येतो

पाळणाघराच्या दारात मी एकोणीस वर्षं उभी आहे. सकाळी साडेसातला कडी काढली की जी झुंबड उडते ती नऊपर्यंत. मूल आलं की कपाळाला हात लावून ताप बघायचा, डबा, बाटली आणि जादाचे कपडे ताब्यात घ्यायचे, आणणाऱ्याची सही घ्यायची, बूट मांडणीवर, मूल नळावर हात धुवायला. आणि हे सगळं होईपर्यंत आणणारा गुपचूप पसार. मुलाला पत्ताही लागू द्यायचा नाही. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. नव्या मुली कामाला आल्या की मी त्यांना हे मोठ्या ऐटीत शिकवायचे.

ठमीच्या वेळीही मी तेच केलं. ठमी पावणेतीन वर्षांची. दारातून आधी तिचे गाल आत यायचे, मग ती. रजिस्टरमध्ये तिचं भलंमोठं नाव आहे, पण माझ्या तोंडात ठमीच बसलं. तिला तिचे आजोबा आणायचे, आईचे वडील, बसचे निवृत्त ड्रायव्हर. आईला तीन वर्षं घरी काढल्यावर रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी चालून आली होती. शुक्रवारी सकाळी दहापर्यंत हो की नाही ते सांगा, असं लॅबवाल्यांनी बजावलं होतं. पोरगी रुळली तर हो, नाहीतर नाही.

सोमवारी मी ठमीला ठोकळ्यांपाशी बसवलं आणि आजोबांना डोळ्यांनी खूण केली. "स्कूटर लावून येतो हं," असं म्हणून ते सटकले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. रडणं नाही की भेकणं नाही. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पण ठमी बूट काढू देईना. हात लावला की पाय पोटाशी. दूध नको, केळं नको, झोप नको. बुटांसकट दाराकडे तोंड करून जी बसायची ती चार वाजेपर्यंत. बुधवारी संध्याकाळी तिच्या आईला मी खरं काय ते सांगितलं.

"मग राहू दे, मावशी," ती म्हणाली. "शुक्रवारी नाही म्हणून कळवते." अगदी साध्या आवाजात म्हणाली. चिडली असती तर मला एवढं लागलं नसतं.

गुरुवारी मी ठमीशेजारी फरशीवर बसकण मारली. "ठमाबाई, बूट काढायला तुमची हरकत काय आहे, कळेल का?"

"आजोबा स्कूटर लावतायत," ती म्हणाली. "ते आले की जायचंय."

म्हणजे चार दिवस हा माणूस स्कूटरच लावत होता! मला हसू फुटलं आणि पाठोपाठ मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी रडत नव्हती, कारण ते येतील म्हणून ती बसून होती. आणि मी म्हणत होते, काय माझी करामत.

शुक्रवारी मी आजोबांना दारातच अडवलं. "आज खरं सांगून जायचं. त्याशिवाय मी सही करू देणार नाही."

"ती रडली तर माझा पाय निघायचा नाही, मावशी."

"तीस वर्षं लोक मागून हात करत पळत असतील. तुमची बस सुटायचीच ना?"

"त्यांत माझी नात नव्हती," ते म्हणाले.

मी रजिस्टर मिटून दारात उभी राहिले. शेवटी ते गुडघे कुरकुरवत खाली बसले. "बाळा, मी आता घरी चाललोय. तू इथे राहायचं. दूध प्यायचं, जेवायचं, झोपायचं. उठलीस की मी दारात."

"आणि स्कूटर?"

"घेऊन चाललो."

ठमीने त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि चार दिवसांचं सगळं एकदम बाहेर काढलं. असा टाहो फोडला की आतली तान्ही दचकून उठली. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांना जवळजवळ ढकललंच. "वळून बघू नका," म्हटलं, तरी दोनदा बघितलंच त्यांनी.

मी तिला मांडीवर घेतलं. ना खेळणं दाखवलं, ना काऊचिऊ. "गेले ना?" म्हणाली की मी म्हणायचे, "हो, गेले." बऱ्याच वेळाने हुंदके विरळ झाले आणि तिने आपणहून एक पाय माझ्यापुढे केला. बूट काढला. मग दुसरा. पेलाभर दूध प्यायली. मला इतकं बरं वाटलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दहाला दहा कमी असताना तिच्या आईचा फोन आला. "मावशी, बाबा म्हणाले खूप रडली. मी लॅबच्या दारात उभी आहे. नाही सांगून येते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचा भोंगा आला. भोंगा म्हणजे रोज उशिरा येणारा दोन वर्षांचा मुलगा, आवाजावरून नाव ठेवलेला. "आलोच रे, दोन मिनिटांत!" म्हणत बाप त्याला आत ठेवून पसार झाला. मीच शिकवलेलं त्याला. भोंगा वाजायला लागला.

ठमी अनवाणी त्याच्यापाशी गेली. ओठावर दुधाची मिशी. त्याच्यासमोर बसून एक एक बोट मोडत म्हणाली, "लगेच नाई येत. दूध. मग जेवण. मग झोप. मग येतात. खरंच येतात."

फोन माझ्या हातात चालूच होता. मग आई म्हणाली, "मावशी, कोण बोलतंय ते?"

"तुझीच आहे," मी म्हटलं. "उभी काय राहिलीस? जा आत आणि हो म्हणून ये."

फोन ठेवला आणि पदर खोचून मी फाटकाकडे धावले. भोंग्याचा बाप गाडीला किक मारत होता.

"अहो, या इकडे परत," मी ओरडले. "पोराला सांगून जा!"