पूर्वेच्या भिंतीवरचा सूर्य

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सूर्यावर पहिला रोलर फिरला.

त्र्यंबक रोडवर गोरक्षशेठचं लॉन्स आहे. लग्नाच्या स्टेजमागे साठ फूट लांब भिंत, भिंतभर समुद्र आणि मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढा सूर्य. परांचीवर उभा राहून रोलर फिरवत होता तो हर्षल. खाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीला टेकून उभा होता तो भारत गांगुर्डे. समुद्र त्यानेच रंगवला होता. सूर्य पुसायलाही आधी त्यालाच बोलावलं होतं. तो नाही म्हणाला, तेव्हा हर्षलला निरोप गेला. हर्षल ब्रश धरायला शिकला तोही भारतच्याच हाताखाली.

"मास्तर, प्रायमरचा एकच हात देतोय," हर्षल वरून म्हणाला. "समुद्राला धक्का लावत नाही. मी नसतो आलो तर दुसरा कोणी आला असता."

"दुसरा आला असता तर त्याने मला मास्तर तरी म्हटलं नसतं."

हर्षलने रोलर बादलीत बुडवला आणि मान वर न करता पुढचा पट्टा ओढला.

भारत पूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात धोक्याच्या पाट्या रंगवायचा. मालकाने एकदा कॅन्टीनच्या भिंतीवर काहीतरी छान काढायला सांगितलं. त्याने समुद्र काढला. पाळीवरून सुटलेले कामगार डबा खाताना त्याच्याकडे तोंड करून बसू लागले, आणि भारतने वर्षभरात नोकरी सोडली. मग माशांच्या खानावळी, दातांचे दवाखाने, शाळा, हॉल. "नाशिकला नदी ब्रह्मगिरीने दिली, समुद्र मी दिला," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसले तरी शब्द मागे घ्यायचा नाही. संक्रांत झाली की दरवर्षी एसटीने जव्हारमार्गे डहाणूला जायचा. दुपारी वाळूत बसायचा. सूर्य बुडाला की चहा पिऊन स्टँडवर यायचा. चित्र काढायला तो तिथे कधी कागद नेत नसे.

त्याचा एक रिवाज होता. क्षितिजापासून सुरुवात, मग पाणी, मग होड्या, मग वाळू. सूर्य सगळ्यात शेवटी, आणि त्याचा पहिला पिवळा हात भिंतीच्या मालकाचा. गोरक्षशेठने तो हात बायकोसोबत दिला होता. नारळ फोडला, शेठाणीने भिंतीला कुंकवाचं बोट लावलं आणि शेठ चार पावलं मागे सरून म्हणाला होता, "उगवता सूर्य! एक नंबर काम, भारतभाऊ!"

भारतने हात जोडले होते. बोलला काहीच नव्हता.

नंतर खानावळवाल्याने छापील कागद चिकटवला, डॉक्टरने टाइल्स बसवल्या, शाळेच्या भिंतीवर सिंहस्थाची चित्रं आली. कारखाना तर बंदच पडला. पुरी शाबूत अशी ही एकच भिंत उरली होती.

दिवाळीच्या सुट्टीत चैतालीने, त्याच्या मुलीने, त्याला याच भिंतीसमोर उभं करून रील केलं. बापाचं काम चार लोकांना दिसावं एवढाच तिचा हेतू. शेवटी तिने सहज विचारलं, "पप्पा, तुमचा सूर्य उगवतो का मावळतो?"

'बघणाऱ्याने ठरवावं,' असं म्हणून सुटता आलं असतं. पण समोर कॅमेरा होता आणि इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"आपला समुद्र पश्चिमेला," तो म्हणाला. "पश्चिमेला सूर्य उगवलेला बघितलाय का कुणी? माझा प्रत्येक सूर्य मावळता. शेठ लोकांना उगवता वाटतो, वाटू दे बापड्यांना!" आणि तो खदखदून हसला.

त्या हसण्याने घात केला. दोन दिवसांत रील शहरभर फिरलं. आधी टाळ्या आणि बदाम आले. मग कोणीतरी लिहिलं, "म्हणजे आमचं लग्न मावळत्या सूर्यासमोर लागलं?" त्याखाली दुसरीने लिहिलं की तिची बहीण याच लॉन्समध्ये उजवली आणि वर्षाच्या आत माहेरी परतली. मग ज्यांचं ज्यांचं बिनसलं होतं त्या सगळ्यांना कारण सापडलं. एका सासऱ्याने थेट भारतला फोन लावला. "पेंटर, माझ्या पोराचा संसार तू बुडवला."

"पोरगं काय करतं तुमचं?"

"पितं. पण आधी नव्हतं पीत!"

भारतची बायको कल्पना भाजी निवडत ऐकत होती. "घ्या," ती म्हणाली. "आता गावातल्या सगळ्या दारुड्यांचे मालक तुम्ही. तोंड बंद ठेवलं असतं तर काय जीभ झडली असती?"

"खोटं बोलू?"

"इतकी वर्षं गप्प बसला होतात, ते काय खरं बोलणं होतं?"



तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन तारखा रद्द झाल्या, तेव्हा गोरक्षशेठने त्याला बोलावून घेतलं. शेठ रिकाम्या स्टेजच्या पायरीवर बसला होता. आवाज चढवला नाही.

"भारतभाऊ, मला एक सांग. ही भिंत लॉन्सच्या कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला."

"मग पूर्वेच्या भिंतीवरचा सूर्य मावळता कसा होईल?"

"भिंत तुमची पूर्वेला आहे शेठ. समुद्र पश्चिमेला आहे."

"मग दुसरा समुद्र काढ ना! चेन्नईचा काढ. तिकडं उगवतो ना पाण्यातून? वऱ्हाडाला काय कळतंय, चेन्नई का डहाणू!"

"होड्या परत येताहेत, शेठ. बायका मासळीच्या पाट्या घेऊन किनाऱ्यावर थांबल्यात. ओल्या वाळूवरचा रंग बघा. सगळं संध्याकाळचं आहे. एकटा सूर्य बदलून सकाळ होत नाही."

"मग सगळं बदल. गुरुवारी पहिलं लग्न आहे, त्याच्या आत. आणि पोरीला सांगून एक व्हिडिओ टाक, की मी गमतीनं बोललो, सूर्य उगवताच आहे. एवढं केलंस तर भिंत राहील. नाहीतर पुढच्या आठवड्यात फ्लेक्स ठोकतो, फुलांचा." शेठ उठला, पँट झटकली आणि जाता जाता म्हणाला, "तुम्ही लोक मुहूर्त-बिहूर्त मानत नाही, ते ठीक आहे. पण म्हणून आमच्या पोरांच्या डोक्यावर मावळता बसवायचा?"

भारत एकदम ताठ झाला. "मी मुद्दाम नाही केलं, शेठ."

"हसला तर होतास."

फोनमध्ये ते हसू होतं. शेठने ते कितीदा बघितलं असेल कोण जाणे.

निदान सूर्य तरी पुसून दे, असा निरोप आला आणि भारत नाही म्हणाला. त्यानंतर आला तो मंगळवार. सव्वानऊला पहिला हात, दहाच्या आत दुसरा, कारण पिवळा रंग प्रायमरमधून डोकावत होता. हर्षल खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "मास्तर, परांची गुरुवारी पहाटेपर्यंत ठेवायला सांगितलीय शेठनी. तुमच्यासाठी."

"तुझ्यासाठी नाही?"

"मला समुद्र कुठं येतो? मी एअरपोर्टच्या जाहिराती रंगवतो." त्याने निळ्या रंगाचे दोन डबे खुर्चीवर ठेवले. "उरलेत माझ्याकडचे. असू द्या."

हर्षल गेला. भारत डबे घेऊन परांचीवर चढला. सूर्याच्या जागच्या पांढऱ्या गोलाला त्याने हात लावला नाही. डावीकडच्या होडीपासून सुरुवात केली. होड्या सात, सगळ्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, किनाऱ्याकडे, शिडं उतरवलेली. पहिलीची नाळ त्याने पुसली, मागची बाजू समोर आणली, शीड चढवलं, वल्ही मारणाऱ्या माणसाची पाठ फिरवली. काम सफाईदार झालं. हात अजून स्थिर होता, याचाच त्याला राग आला. आता ती होडी निघालेली होती आणि तिच्या शेजारच्या सहा परतत होत्या. किनाऱ्यावरची बाई मात्र अजून तिचीच वाट बघत होती. तिला पुसायला हवं होतं. त्याने ब्रश तिच्या पदरापर्यंत नेला आणि डब्यात परत ठेवला. मग तो खाली उतरून घरी गेला.

बुधवारी संध्याकाळी त्याने आपणहून चैतालीला फोन काढायला सांगितलं. हॉलमध्ये, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर बसला. मग उठला आणि दुसऱ्या भिंतीला पाठ करून उभा राहिला.

"पप्पा, नका करू," चैताली म्हणाली. "मी ते रीलच काढून टाकते."

"काढून काय होतंय? लोकांनी बघितलंय. तू चालू कर."

तिने चालू केलं.

"मी भारत गांगुर्डे. त्या दिवशी गमतीने बोललो होतो. लॉन्समधला सूर्य उगवता आहे."

एवढंच. हसला नाही. चैतालीने विचारलं, "पाठवू शेठना?" त्याने चपला घातल्या आणि बाहेर गेला. कल्पना स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना आता विचारू नको." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आणि मलाही."

गुरुवारी लग्न लागलं. डेकोरेशनवाल्याने पांढऱ्या गोलावर झेंडूची चक्री बांधली होती. दुपारपर्यंत ती एका बाजूने सुटली. फोटोग्राफर नवरानवरीला अर्धं पाऊल डावीकडे सरकायला सांगत राहिला, म्हणजे डोक्यामागे पांढरं येणार नाही. एका पाहुण्याने विचारलं, हा चंद्र आहे का. गोरक्षशेठ हो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी भिंत तशीच होती: सहा होड्या परतणाऱ्या, एक निघालेली, मधोमध गोल. परांची एका कडेला ओढून ठेवली होती, तिच्यावर निळे डबे. फ्लेक्सवाला येऊन माप घेऊन गेला होता. ऑर्डर पक्की झाली की नाही, हे तो सांगू शकला नाही. भारत पहाटेच घराबाहेर पडला होता. संक्रांतीला अवकाश असताना तो डहाणूच्या गाडीत बसला की काय, हे कल्पनाला माहीत नव्हतं, आणि त्याचा फोन लागत नव्हता. व्हिडिओ चैतालीच्या फोनमध्ये होता. तिने तो पाठवला नव्हता. पुसलाही नव्हता.