दुसरी पाहणी

धम्मपालने टेबलावरची फाइल स्वतःकडे फिरवली, खिशातला पेन काढला आणि अहवालातला मजकूर उतरवून घ्यायला सुरुवात केली. पेनावर त्याचं नाव कोरलेलं होतं. देवळाली कॅम्पातल्या शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झाला तेव्हा मिळालेला पेन. ‘सदर अभ्यासिका सुस्थितीत आढळली. खुर्च्या, पंखे, पिण्याचे पाणी उपलब्ध. कामाची आवश्यकता नाही.’ शेवटच्या शब्दापाशी निब इतकं रुतलं, की कागद फाटला.

“मॅडम, पत्र्याची शेड आहे ती. गळते.”

“अहवालात तसं नाही,” पल्लवी मॅडम म्हणाल्या. महापालिकेच्या विभागीय कार्यालयातल्या त्या नव्या अभियंता; अहवाल लिहिणारे साहेब बदलून गेले होते. “तुमच्या भागातलं विकास शुल्क टॉवरसमोरच्या जॉगिंग ट्रॅकला गेलं.”

टॉवर धम्मपालच्या वसाहतीला खेटूनच उभे राहिले होते. बिल्डरने भरलेल्या विकास शुल्कातून शेजारच्या वस्तीचीही कामं करायची, हा नियम धम्मपालने माहितीच्या अधिकारात स्वतः शोधून काढला होता. तीन वर्षं अर्ज केले होते. नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे जाऊन भांडावं तर समोर माणूसही नव्हता. आणि एवढं करून निधी कुणाला, तर ज्यांच्या घरात चालायची मशीनं आहेत त्यांना चालायला!

पण त्याची खरी जळफळ निराळीच होती. अहवाल खोटा नव्हता. पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर वसाहतीने मांडववाल्याकडून तीस खुर्च्या आणल्या, घरोघरचे पंखे आणून लावले, गळक्या पत्र्याखाली पांढरंशुभ्र कापड ताणलं. साहेबांना पोहे, चहा, शाल. साहेब खूश झाले आणि जे दिसलं ते लिहून गेले. कापड ताणायला शिडीवर धम्मपालच चढला होता.

“थोडा निधी शिल्लक आहे,” मॅडम फाइल बंद करत म्हणाल्या. “मिळेलच असं नाही. गुरुवारी मी येऊन बघते. या वेळी मात्र जसं आहे तसं दाखवा.”

संध्याकाळी त्याने वसाहत गोळा केली.

“गुरुवारपर्यंत अभ्यासिकेत कुणी झाडू लावायचा नाही.”

सगळ्यांच्या माना विठाबाईंकडे वळल्या. तीस वर्षं या शहराचे रस्ते झाडून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि तेव्हापासून अभ्यासिका रोज त्याच झाडत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं.

“का बरं?” त्यांनी विचारलं.

“मागच्या वेळी नको तेवढी साफसफाई केली, म्हणून निधी गेला, मावशी.”

“माणूस दारात येनार आन् त्याला घान दाखवायची? लोकांनी जलमभर आपल्याला घानीतच पाह्यलं. आता पैशापायी आपनच दाखवू का?”

“पैशापायी नाही. पायलसाठी.”

पायल विठाबाईंची नात. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास अभ्यासिकेतच करायची. गेल्या पावसाळ्यात परीक्षेच्या आठवडाभर आधी तिच्या सगळ्या वह्या भिजल्या होत्या. विठाबाई पदर सावरत उठल्या आणि घराकडे गेल्या. धम्मपालला वाटलं, पटलं.

बुधवारी पोरं घरी गेल्यावर तो अभ्यासिकेत जाऊन उभा राहिला. चार खुर्च्या, एक टेबल, जमिनीवर थोडी धूळ. साधी गरीब खोली. त्याला भयंकर राग आला. एवढ्याने काय होणार? दिवस ऑक्टोबरचे, गळायला पाऊस नाही. मॅडम पुन्हा ‘सुस्थितीत’ लिहून जातील आणि आणखी तीन वर्षं अर्ज! तो मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेला आणि तिथला कचरा दोन घमेली भरून आणला. वाकून वाकून त्याने तो सगळ्या जमिनीवर पसरला. घरी जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, तरी जेवताना वास येतच राहिला.

गुरुवारी सकाळी तो पोचला तेव्हा अभ्यासिकेचं दार सताड उघडं होतं. जमीन धुऊन पुसून लख्ख. पायल कोपऱ्यात वाचत बसलेली. विठाबाई पायरीवर, शेजारी झाडू.

“मावशी, काय केलंत हे!”

“झाडलं,” त्या म्हणाल्या.

तो ओरडणार होता, पण तेवढ्यात मॅडमची स्कूटर आली. जमीन पाहून मॅडमनी दाराशीच चपला काढल्या. धम्मपालने डोळे मिटून घेतले. आता संपलंच.

मग त्याने डोळे उघडले. मॅडम खोलीच्या मध्यावर उभ्या होत्या, खाली बघत. ऊन वर आलं होतं आणि पत्र्याच्या भोकाभोकांतून आलेले कवडसे त्या स्वच्छ जमिनीवर स्पष्ट पडले होते. मॅडम बोट फिरवत मोजत होत्या.

“सतरा.”

“अठरा,” पायल म्हणाली आणि तिने टेबलावरची वही बाजूला सरकवली. “एक इथं आहे.”

“पावसात काय करता?”

“बादल्या लावतो. पण बादल्या सहाच आहेत.”

मॅडमनी फोटो काढले, उभ्याउभ्याच अहवाल लिहिला आणि कागद धम्मपालपुढे धरला. “अर्जदाराची सही.”

धम्मपालने खिसा चाचपला. वरचा, मग पँटचे दोन्ही.

विठाबाई पायरीवरून उठल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी पेन काढला. पुसून चकचकीत केलेला.

“घे. तुझाच हाय. सकाळी सापडला. पायलनं नाव वाचलं.”

पायलने वहीतून मान वर केली नाही. धम्मपालने पेन घेतला. विठाबाई मॅडमकडे वळल्या.

“पोहे केलेत, बाई. खाऊन जा.”