ओल्या चाकायचं खिंडार

बोकड राखणं हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं खोऱ्यातल्या अकराही घरांचं ठाम मत होतं. तरी अकराही घरांनी आपले बोकड देल्मिराकडेच धाडले, कारण तिचा बाप वारल्यावर त्या माळावर एकटं राहायला दुसरं कोणी तयार होईना. अडला हरी, दुसरं काय!

अडुसष्ट बोकड. मे महिना उजाडेपर्यंत त्यांना शेळीच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही. मेमध्ये शेळी लागली, म्हणजे गाभण राहिली, तर पिल्लं ऑक्टोबरात, कोवळ्या गवतावर येतात. मार्चमध्ये लागली तर ऑगस्टात, म्हणजे पृथ्वीच्या त्या दक्षिण टोकाला ऐन हिवाळ्यात, कमरेएवढ्या बर्फात. मग पिल्लं जातात आणि पाठोपाठ शेळ्याही.

बोकड कोंडण्याच्या वाडग्याला कुंपण चाकाय नावाच्या झुडपाचं. ओढ्याकाठच्या दगडगोट्यांत तगणारं हे झुडूप, काटे बोटभर लांब. खिंडार पडलं तर वाळक्या फांद्यांनीच बुजवायचं, कारण ओला पाला बोकड चवीने खातात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चार दिवसांपूर्वी खिंडार पडलं तेव्हा वाळक्या फांद्या होत्या फक्त देल्मिराच्या झोपडीपुढच्या मांडवावर. सावली मोडायला तिचं मन होईना. समोरच्या झुडपाच्या ओल्या फांद्या तोडून तिने खोचल्या. उद्या बदलू, म्हणाली. उद्याचे चार दिवस झाले.

मार्चमधल्या त्या दुपारी डोंगरउतारावर धुळीचा लोट दिसला. वरचं गवत करपल्यामुळे अकरांपैकी एका घरचा फाउस्तिनो काका तीनशे शेळ्या घेऊन आठवडाभर आधीच उतरत होता. तहानलेला कळप पाण्यावरून कोण वळवणार? आणि ओढा वाडग्याला खेटून.

बोकडांना वास लागला. ते थेट खिंडाराशी गेले. पाला केव्हाच फस्त झाला होता, उरल्या होत्या चार काटक्या.

देल्मिराने मांडव उपसला. उघड्या हातांनी वाळक्या फांद्या ओढत ती धावली. ती पोचण्याआधीच एक बोकड काटक्या मोडून बाहेर पडला. त्याच्यामागे जावं तर उरलेले सदुसष्ट मोकळे. शिव्या घालत तिने खिंडारात फांद्या कोंबल्या, पाठ लावून रेटल्या. काटे मनगटात शिरले तरी ती हलली नाही. कुंपण धरलं, तेव्हा कुठे ती धुळीत शिरली आणि पळालेल्याला शिंगं धरून फरफटत आणलं. बोकड तिचाच होता. तोंडावर फेस, डोळ्यांत कमालीचं समाधान.

धूळ खाली बसली. फाउस्तिनो काका घोड्यावरून उतरला.

"काय गं पोरी, हातांचं हे काय? बोकडांनी मुका घेतला की काय?"

"कुंपण दुरुस्त करत होते, काका."

"बापाची लेक शोभतेस. मी सगळ्यांना म्हणायचो, हिला जमायचं नाही. थुंकलेलं गिळतो बघ आज."

हे ऐकायला ती बाप गेल्यापासून आठ महिने आसुसली होती. धुळीत कुणी काही पाहिलं नव्हतं. गप्प बसली असती तर पुढच्या वर्षीही अकरा घरांचे बोकड तिच्याकडेच आले असते.

"काका, एक सुटला होता."

म्हातारा थांबला. "किती वेळ?"

"माते-चहाचं पाणी उकळेल इतका. खिंडारात ओल्या फांद्या मीच खोचल्या होत्या."

त्याने कळपावरून नजर फिरवली. त्या तीनशेंत कुठल्या लागल्या, देव जाणे.

"म्हणजे ऑगस्टात गोठ्यातच झोपायचं. चारा आत्तापासून साठवायला हवा," तो म्हणाला. "बोलली नसतीस तर ऑगस्टात पिल्लं आल्यावर शेळ्या सांभाळणाऱ्या माझ्या सुनेला म्हटलं असतं, तूच हलगर्जी केलीस."

"बाकीच्यांना तुम्ही सांगाल, काका?"

"मी? अजिबात नाही." त्याने घोड्याचा लगाम तिच्या हाती दिला. "मी इथे बसून तुझं वाडगं राखतो. घोडा ने. उरलेली दहा घरं आहेत, तूच सांगून ये."