खोका खरा होता

औषधाच्या दुकानात ‘नाही’ हा शब्द किती तऱ्हांनी म्हणतात, ते भिंगवाल्याला त्या आठवड्यात कळलं. कोणी मान हलवून म्हणे, कोणी ‘पुढच्या आठवड्यात बघा’ असं गोड बोलून म्हणे, आणि एकाने तर चिठ्ठी हातात न घेताच म्हटलं. बायकोच्या फिटच्या गोळ्या बाजारातून गायब झाल्या होत्या. कंपनीकडूनच माल येत नाही, एवढंच जो तो सांगे. घरातली पट्टी संपत आली होती. रोज गोळी काढताना बायकोचा अंगठा रिकाम्या कप्प्यांवरून फिरे आणि पुढे भरलेला कप्पा लागला की ती हलकेच सुस्कारा सोडे.

भिंगवाला हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. पुठ्ठ्याचे खोके छापणाऱ्या कारखान्यात तो मुख्य कारागीर होता. साबण असो, बल्ब असो, औषध असो, बाहेरचा खोका त्याच्या यंत्रातून निघे. खिशात सदैव एक छोटं भिंग. एका रंगाचा ठिपका दुसऱ्यावरून केसभर सरकला तरी तो यंत्र थांबवी. “हा मुलगी बघायला गेला, तेव्हाही आधी भिंग लावून बघितलं असणार,” असं सोबती म्हणत. तो हसे. त्या नजरेचा त्याला अभिमान होता.

बायको घरीच पाळणाघर चालवायची. तिला कुमारवयापासून फिट यायच्या. ही गोळी लागू पडली आणि कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. म्हणून तर ती तान्ही बाळं मांडीवर घेऊ शकत होती.

“ताईंना फोन करून बघा ना,” ती म्हणाली. “त्यांच्या रुग्णालयात सोय होईल काहीतरी.”

ताई म्हणजे त्याची थोरली वहिनी. मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात त्या कित्येक वर्षं नोकरीला. घरात त्यांचं टोपणनाव शंकासूर. दूध तापवण्याआधी त्या दुधालाही ‘तू कुठून आलंस’ म्हणून विचारतात, अशी त्यांची ख्याती.

“शंकासुराला विचारलं तर गोळीआधी चौकशी समिती येईल,” तो म्हणाला. “मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने फोनवर गोळीचं नाव टाकलं आणि पहिल्याच झटक्यात एक दुकान उघडलं. माल उपलब्ध. घरपोच. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर हसत होते, त्यांच्या बाजूला हिरवी बरोबरची खूण, खाली परवाना क्रमांक आणि समाधानी गिऱ्हाइकांचे पंचतारांकित शेरे. चिठ्ठी लागत नाही हे वाचून तर त्याला हायसं वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर थेट होडीच समोर आली होती.

पाकीट आलं तसं त्याने ते दिव्याखाली धरलं. भिंग काढलं. खोक्याच्या कडा बघितल्या, घडी बघितली, अक्षरांची धार बघितली, चांदीसारख्या पट्टीवरचा उठाव बोटाने चाचपला. कुठेही खोट नव्हती.

“खरा माल आहे,” तो म्हणाला. “नकली असता तर छपाईनेच चुगली केली असती.”

“तुम्ही बघितलंत ना, मग झालं,” बायको म्हणाली आणि गोळी घेतली.

काही दिवसांनी तिने पाण्याचा पेला ठेवता ठेवता तोंड वाकडं केलं. “अहो, ही गोळी कडू लागत नाही हो. पूर्वी जिभेवर कसा कडवटपणा रेंगाळायचा.”

“तक्रारही काय, तर औषध कडू नाही! कंपनीने वरचा लेप बदलला असेल.”

तीही हसली. तिथेच तो विषय संपला.

मग एका सकाळी, पाळणाघरातली पहिली आई दाराशी यायच्या आत, स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बायको जमिनीवर होती. हातपाय झटके देत होते, डोळे पांढरे झाले होते. त्याने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली आणि मनातल्या मनात म्हटलं, आता थांबेल. फिट थांबली, आणि बायको शुद्धीवर यायच्या आत पुन्हा सुरू झाली. रुग्णवाहिकेतही तेच. रुग्णालयाच्या दारातही तेच.

अतिदक्षता विभागाबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. डॉक्टर बाहेर आल्या.

“गोळ्या चुकल्या होत्या का?”

“एकही नाही. माझ्यासमोर घेते ती.”

“गोळ्या नेहमीच्याच? खात्रीच्या ठिकाणच्या?”

“मी स्वतः तपासून घेतल्यात. माझा धंदाच आहे तो.”

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. “मग काळजीचं आहे. पूर्ण औषध अंगात असताना असे झटके येत असतील, तर मेंदूत काही नवीन झालंय का ते शोधावं लागेल. रक्तातलं औषध मोजायला दिलंय, पण अहवाल लगेच मिळणार नाही. तोवर तेच औषध आणखी देणंही धोक्याचं.”

दार बंद झालं. काचेतून त्याला बायकोचा एक पाय दिसत होता. चादरीखाली तो मधूनच थरथरे आणि परिचारिका धावे.

वहिनी आल्या त्या कामावरच्याच कपड्यांत. बायकोला आणलं होतं ते त्यांच्याच रुग्णालयात, पण भिंगवाल्याने त्यांना कळवलं नव्हतं. त्यांना शेजारणीकडून कळलं होतं. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि हात पुढे केला.

“खोका आणलाय का?”

त्याने पिशवीतून काढून दिला. “वहिनी, गोळी खरी आहे. भिंगाखाली बघितलीय मी.”

“कुठून घेतलीत?”

त्याने फोन दाखवला. वहिनींनी खोक्याकडे बघितलंही नाही. त्या फोनच वाचत राहिल्या.

“चिठ्ठी मागितली होती त्यांनी?”

“नाही. उलट तेच बरं होतं.”

“भावजी, ही गोळी मी माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा चिठ्ठीशिवाय देत नाही. आणि ह्यांनी न बघितलेल्या माणसाला दिली? बरं, दुकानाचा पत्ता कुठे आहे?”

दोघांनी मिळून शोधला. पत्ता नव्हता. फोन नंबर होता. लावला तर तो अस्तित्वातच नव्हता. औषधविक्रेत्याशी बोलण्याची सोय नव्हती, त्याचं नावही नव्हतं.

“परवाना क्रमांक आहे की,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

वहिनींनी औषध प्रशासनाची यादी उघडली. क्रमांक घातला. यादीत तो होता, पण भलत्याच दुकानाच्या नावावर. त्यांनी त्या दुकानाला फोन लावला आणि त्यालाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस वैतागलेला होता.

“ताई, आम्ही ऑनलाइन काहीही विकत नाही. कुणीतरी आमचा नंबर चोरलाय. तक्रार केलीय, पण रोज कुणी ना कुणी फोन करतंच. काल एक म्हातारे गृहस्थ रडत होते.”

फोन बंद झाला. भिंगवाला खोक्याकडे बघत होता.

“पण छपाई...” तो म्हणाला. “वहिनी, एवढी नेटकी छपाई नकली माल विकणारा कशाला करेल?”

वहिनींनी खोका त्याच्या हातात ठेवला. “हा खोका तुमच्या कारखान्यात छापता येईल?”

“न यायला काय झालं?”

“अस्साच? अगदी हुबेहूब?”

“जेवणाच्या सुट्टीपर्यंत हातात देतो.”

तो स्वतःचंच बोलणं ऐकून थांबला. काचेपलीकडे चादर पुन्हा हलली.

“आत काय भरतात, ते तुम्हाला कधी कळतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “आम्ही रिकामेच पाठवतो.”

एवढी वर्षं तो रिकामे खोकेच पारखत आला होता! आणि त्या पारखीवर आपल्या माणसाचा जीव तोलला होता. त्याने बाहीने डोळे पुसले. “मीच तिला...”

“ते रडणं नंतर,” वहिनी म्हणाल्या. “आत्ता आत जा आणि डॉक्टरांना खरं सांगा. तिच्या अंगात औषध नाही, हे त्यांना माहीत नाहीये. तुमच्या शब्दावर त्या भलतीकडे शोधतायत.”

तो उठला. आपल्या तोंडाने ‘माझी खात्री चुकली’ म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. यंत्रावर चूक झाली तरी तो आधी कागदाला दोष देई. त्याने दार ढकललं.

“डॉक्टर, मी चुकीचं सांगितलं. गोळ्या खोट्या आहेत. ती... ती इतके दिवस काहीच घेत नव्हती!”

डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं, वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान डोलावली. मग आत धावपळ सुरू झाली. तिचं नेहमीचंच औषध, त्यांच्याकडच्या साठ्यातलं, शिरेतून सोडलं गेलं. दोघं बाहेर बसून राहिले. मधे वहिनींनी चहा आणला. तो तसाच निवला. दुपार कलली तेव्हा चादर हलायची थांबली होती. न हलणाऱ्या चादरीचीही भीती वाटते, हे त्याला तेव्हा कळलं.

ती वाचली. पण सगळी परत आली असं म्हणता येत नाही. शब्द तिला उशिरा सापडतात. पेला हवा असला की हाताने आकार करून दाखवते. पाळणाघराच्या दाराला कुलूप आहे. आया भेटायला येतात, बाळांना मात्र बरोबर आणत नाहीत. त्यांचं काय चुकलं?

भिंगवाल्याने खोका आणि उरलेल्या गोळ्या औषध प्रशासनाकडे जमा केल्या. तपासणीत आत नुसता पिठासारखा भुगा निघाला. ते दुकान फोनवरून नाहीसं झालं आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने उघडलं. डॉक्टर तेच, हसू तेच, हिरवी खूण तीच.

कारखान्यात एक गिऱ्हाईक औषधाच्या खोक्यांचं घाईचं काम घेऊन आलं, तेव्हा त्याने यंत्र सुरू केलं नाही.

“औषध बनवायचा परवाना दाखवा,” तो म्हणाला.

“तुम्ही छापखानेवाले की पोलीस?” गिऱ्हाईक हसलं.

मालकही कुरकुरले. “अरे, आपल्याला काय करायचंय? आपण छापायचं.”

“मालक, मी इतकी वर्षं हेच म्हणत आलो.”

मालकांना घरचं सगळं ठाऊक होतं. त्यांनीही मग गिऱ्हाइकाकडे परवान्याचा कागद मागितला. गिऱ्हाईक ‘कागद घेऊन येतो’ म्हणून गेलं ते अजून आलेलं नाही. सोबती आता त्याला भिंगवाला म्हणत नाहीत. धाकटा शंकासूर म्हणतात. तो रागावत नाही.

वाचकहो, घरबसल्या औषध मागवण्यात वाईट काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो मोठा आधार आहे. पण जे दुकान चिठ्ठी मागत नाही, पत्ता सांगत नाही, ज्याचा औषधविक्रेता कोण ते कळत नाही, ते आपली अडचण ओळखून बसलेलं असतं. परवाना क्रमांक नुसता वाचू नका. सरकारी यादीत तो कुणाच्या नावावर आहे ते बघा, त्या दुकानाला फोन करा. औषध मिळतच नसेल, तर आपल्या डॉक्टरांकडे परत जा. पर्याय सुचवणं त्यांचं काम आहे. आणि घरात प्रश्न विचारणारं एखादं माणूस असेल, तर त्याची थट्टा जरा कमी करा. गळ्याशी आल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो. म्हणूनच गळ्याशी आलेलं असताना दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

परवा संध्याकाळी त्याने बायकोच्या तळहातावर गोळी ठेवली. तिने ती लगेच तोंडात टाकली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

“कुठून... आणली?”

पूर्वी ती असं कधी विचारत नसे. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. “नाक्यावरच्या दुकानातून. कंपनीचा माल पुन्हा यायला लागलाय. चिठ्ठी दाखवली, बिल घेतलं. वहिनींनीही बघितलीय.”

तिने गोळी जिभेवर ठेवली. पाणी प्यायली. जरा वेळाने तिने तोंड वाकडं केलं.

“कडू आहे,” ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली आणि तिचा रिकामा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.