चादर खराब झाला

थोरलीला जाहिरातींत कायम एकच काम मिळायचं, घरकामाचं. कधी आया, कधी मोलकरीण, फार तर दवाखान्यातली मावशी. तिचा चेहरा वडिलांच्या वळणावर गेला होता आणि वडील डोंगरापलीकडचे. तिकडच्या नाकाडोळ्यांच्या बाईला टीव्हीवरच्या घरात सोफ्यावर कुणी बसवत नसे.

या वेळी साबणाची जाहिरात होती. मोलकरणीच्या हातून चादरीचा डाग निघत नाही, मग बाईसाहेब येऊन साबण दाखवतात. साहेब शेवटपर्यंत पेपर वाचत बसतात. चित्रीकरण झालं होतं, फक्त आवाज भरायचा राहिला होता. काचेच्या त्या लहानशा खोलीत उभं राहून थोरलीनं आपलं वाक्य म्हटलं, "बाई, चादर खराब झाली."

"ताई, असं नाही," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "तुमच्या लोकांसारखं बोला ना."

"मी अशीच बोलते."

"हो, पण तुमचा चेहरा असं बोलत नाही."

ध्वनिमुद्रण करणारे काका मान खाली घालून बटणं पुसायला लागले. थोरलीला राग आला. ती याच गावात जन्मलेली, आईच्याच भाषेत वाढलेली. तसं बोलणारा तिच्या ओळखीत एकच माणूस होता. आता तोही नव्हता.

बाबा खिडक्यांना काचा बसवायचे. त्यांच्या भाषेत निर्जीव वस्तूंना 'तो' नाही की 'ती' नाही, म्हणून मराठीत त्यांनी सगळ्यांना सरसकट पुरुष करून टाकलं होतं. लोक हसतात म्हणून चारचौघांत ते तोंडच उघडत नसत, फोनवर तर 'हो' आणि 'बरं' एवढंच. बोलायचे ते घरात, आणि घरातलं बोलणं कोण कशाला टिपून ठेवतं? फोटो ढीगभर राहिले, आवाज मात्र कुठेच राहिला नाही.

थोरलीनं डोळे मिटले. बाबा हाक मारायच्या आधी जरा घसा खाकरायचे, तशी ती खाकरली.

"बाई, चादर खराब झाला."

काचेपलीकडे हशा पिकला. तिला तो ऐकूच आला नाही. कानात लावलेल्या यंत्रातून बाबा अगदी जवळ येऊन बोलले होते.

"झकास! आता अजून थोडं वाढवा. गमतीदार."

तिनं वाढवून पाहिलं. बाबा गेले आणि उरली ती नुसती नक्कल.

"पहिलंच घ्या," ती म्हणाली.

"त्यात मजा कमी आहे हो."

"मग दुसरं कुणी बघा."

त्यांनी दुसरी बाई बघितली. जिना उतरण्याआधी थोरली काकांपाशी थांबली. "काका, ते पहिलं वाक्य मला पाठवाल? पुसू नका." त्यांनी काही न विचारता तिच्या फोनवर ते पाठवून दिलं.

घरी आई शेंगा सोलत बसली होती. धाकटीही आलेली. थोरलीनं काही न सांगता फोन पुढ्यात ठेवला आणि वाक्य ऐकवलं. आईचे हात थांबले.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. धाकटीनं तोंड फिरवून डोळे पुसले. आई मात्र मान हलवत होती.

"जवळपास आलंय, पण ते नाहीत गं. ते सावकाश बोलायचे. शब्द उचलायच्या आधी तो कुठं ठेवायचा ते बघून घ्यायचे."

थोरलीनं सावकाश म्हणून पाहिलं. धाकटीनं आवाज जाड केला, तो इतका फसला की तिघीही हसल्या. मग आईनं शेंगा बाजूला सारल्या.

"माझ्याशी पहिल्यांदा बोलले ना," आई म्हणाली, "ते आमच्या खिडकीची काच बसवायला आले होते तेव्हा." तिनं हनुवटी जराशी खाली घेतली. मुलींनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज खोल गेला, संकोचला, एकेक शब्द चाचपत आला.

"काच लावला आहे. आज हात नको लावू. कच्चा आहे."

धाकटीनं थोरलीचा हात घट्ट धरला. थोरलीला फोनवर आवाज टिपायचं बटण दाबायचं सुचलं नाही.