परत नेलेलं संत्रं

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. खिडकीच्या पडद्यांशी माझं नातं लावू नका. ते जन्मभर एका जागी लोंबकळतात आणि त्यालाच नोकरी समजतात. मी तंबूबरोबर गावोगाव हिंडलो आहे, मित्रांनो, आणि तुमच्या पुस्तकात ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यापैकी एकाला मी फार जवळून पाहिलं आहे. जवळून म्हणजे अगदी अंगावर.

मला एका शिंप्याने जाड पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या जोडून शिवलं. शिवण दिसणार नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. ती दिसायची. जन्मभर प्रत्येक नायिकेच्या कपाळावरून एक आडवी रेघ गेली, पण गावातल्या कुणी कधी कुरकुर केली नाही. माझा मालक मशीन चालवायचा, म्हणून सगळे त्याला ऑपरेटर म्हणायचे. त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. ती तिकिटं फाडायची, भांडणं सोडवायची आणि मी फाटलो की मला शिवायची.

तंबूत माझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. पुढे गावातले बरे लोक, खुर्च्यांवर. मागे जमिनीवर बायाबापड्या, पोरंटोरं, शेतातून उशिरा सुटलेली माणसं. मागून चित्र उलटं दिसतं. नायक डाव्या हाताने जेवतो, डाव्या हाताने मारतो. मागच्यांना त्याचं काही वाटत नसे. रडणं दोन्ही बाजूंनी सारखंच येतं.

मग देशात तो आला. त्याची पदवी इतकी लांब होती की ती म्हणताना माणसाला दम लागावा. आम्ही त्याला मिशीवाला म्हणायचो, अर्थात मनातल्या मनात. त्याने आल्या आल्या फर्मान काढलं की पाचांपेक्षा जास्त माणसांनी कुठेही एकत्र जमायचं नाही. पारावर नाही, विहिरीवर नाही, लग्नात तर परवानगीशिवाय मुळीच नाही. सूट फक्त सिनेमाला. का? तर प्रत्येक खेळाआधी मिशीवाल्याची रीळ दाखवणं सक्तीचं होतं, आणि ती बघायला माणसं तर हवीत! स्वतःचं तोंड दाखवायच्या हौसेपायी या दीडशहाण्याने अख्ख्या देशात एवढी एकच जागा मोकळी सोडली, आणि ती माझ्यापुढे होती.

गावांनी त्या जागेचं सोनं केलं. रीळ चालू झाली की सगळे नियमाप्रमाणे टाळ्या वाजवत, आणि टाळ्यांच्या आवाजाखाली गावाचा कारभार चाले. कुणाचा मुलगा पकडला, कुणाची सुटका झाली, बियाणं कुणाकडे आहे, कुणाच्या मुलीला स्थळ आलंय. मग खरा सिनेमा लागला की मात्र चिडीचूप. वर्षभर ज्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं असे, ती माणसं तिथे अंधारात हमसून हमसून रडत आणि पोट धरून हसत. दुसऱ्या दिवशी ती जरा ताठ चालत, असं वहिनी म्हणायची.

टाळ्या नीट वाजतात की नाही हे बघायला सरकारने आमच्याबरोबर एक अधिकारी दिला होता. त्याचं नाव पडलं टाळीसाहेब. हा गृहस्थ रिळीकडे पाठ करून, माझ्या खाली खुर्ची टाकून बसायचा आणि लोकांच्या हातांवर डोळे ठेवायचा. ज्या रिळीसाठी त्याची नोकरी होती, ती त्याने एकदाही पाहिली नव्हती. मी त्याच्या टकलाकडे बघून बघून कंटाळलो.

आता एका नदीकाठच्या गावाची गोष्ट सांगतो. त्या गावात आम्ही जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात सरकारची शूटिंगवाली मंडळी येऊन गेली होती. त्यांनी प्लायवुडची एक भिंत उभी केली, तिच्यावर 'रुग्णालय' असं रंगवलं, गावातून खाटा आणि पांढऱ्या चादरी मागून आणल्या. रुग्ण हवे होते. गावात आजारी माणसं होती, पण ती फारच आजारी दिसतात म्हणून नको म्हणाले. नावाड्याची मुलगी गालांनी गुबगुबीत होती, तिला खाटेवर निजवलं. मिशीवाला आला, त्याने तिला एक संत्रं दिलं, ती हसली, तो गेला. त्याच्यामागून भिंत गेली. जाता जाता त्यांनी पोरीच्या हातातलं संत्रंही परत नेलं.

पुढच्या पावसाळ्यात ती मुलगी तापाने फणफणली. खरा दवाखाना नदीपलीकडे, शहरात. बापाने तिला होडीत घातलं. होडी पलीकडे लागेपर्यंत ती राहिली नाही.

हे आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी नव्या रिळीत ते रुग्णालय आलं, ती खाट आली, आणि माझ्या मागून एक बाई उठून उभी राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली, "माझी पोर!"

दोन्हीकडच्या टाळ्या थांबल्या. टाळीसाहेब ताडकन उठला, तशा पुन्हा सुरू झाल्या. पण माझ्या पुढचे आणि मागचे सगळे रडत होते. त्या मुलीचा एकही फोटो घरात नव्हता. आई रोज यायला लागली. तिच्याबरोबर गाव रोज यायला लागलं. टाळीसाहेबाने वर कळवलं की राष्ट्रनेत्याचं दर्शन होताच जनतेच्या डोळ्यांना धारा लागतात. त्याला शाबासकी आली. गाढवाला झूल घातली की ते जसं चालतं, तसा तो आठवडाभर चालला.

मुक्काम हलायची वेळ आली, तशी नावाडीण दुपारी तंबूत आली.

"भाऊ, तुम्ही जाणार. माझी पोर पण जाणार का तुमच्याबरोबर?"

वहिनीने तिला पाणी दिलं.

"एवढं एक चित्र द्या मला. हसते ना ती, तेवढंच."

"मावशी, चित्र बारीक असतं. अंगठ्याच्या नखाएवढं."

"माझी नजर चांगली आहे," ती म्हणाली.

एक-दोन चित्रं कापली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ऑपरेटरने फिल्म उजेडात धरली, मुलगी हसायला लागल्यापासून हसू मावळेपर्यंत बघितली, आणि त्याच्याने मध्येच कात्री लाववेना. त्याने हातभर फिल्म कापली. उरलेली टोकं जोडली. मावशीने ती हातभर फिल्म पदरात बांधली.

त्या संध्याकाळी शेवटचा खेळ. मिशीवाला खाटेकडे आला, त्याने संत्रं धरलेला हात पुढे केला, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत तो दुसऱ्याच टोकाला रिकामा हात हलवत उभा! संत्रं गुल.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "परत नेलं की हो!"

मित्रांनो, मी पुष्कळ विनोदी सिनेमे अंगावर घेतले आहेत. तसं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. खुर्च्या उलटल्या, म्हातारे खोकायला लागले. नावाडीणसुद्धा हसली, रडता रडता. टाळीसाहेबाने जन्मात पहिल्यांदा मान वळवून रीळ पाहिली.

सकाळी तंबूतच चौकशी बसली.

"फिल्म तुटली होती साहेब, जोडली," ऑपरेटर म्हणाला. फिल्म रोजच तुटायची, त्यामुळे हे चाललंही असतं.

"मग तुकडा कुठंय? राष्ट्रनेत्याचा तुकडा असा तुटून हरवतो? तुकडा मिळेपर्यंत या तालुक्यात सिनेमा बंद! सगळे तंबू बंद!"

गाव खाली मान घालून उभं होतं. सिनेमा बंद म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. पुन्हा पाच-पाच माणसं, पुन्हा कुलपं. कुणीही नावाडिणीकडे बघितलं नाही, एकानेही नाही. तीच पुढे आली. पदराची गाठ सोडून तिने फिल्म उजेडात धरली.

"यात तुमचे साहेब नाहीत हो. नुसता हात आहे त्यांचा. तेवढा हात कापून घ्या. पोर मला राहू द्या."

टाळीसाहेबाच्या हातात कात्री होती. तो हातांकडे बघणारा माणूस, एका हाताशी येऊन अडला. राष्ट्रनेत्याचं चित्र कापणं हा गुन्हा, मग तो हात असला म्हणून काय झालं? तो फिल्म उलटसुलट करत राहिला. त्या बाईच्या तोंडाकडे बघायचं त्याला सुचलंच नाही. शेवटी त्याने ती फिल्म मोहोरबंद पाकिटात घातली आणि ऑपरेटरला जीपमध्ये. दोन्ही राजधानीला गेले. तंबू चालू राहिले, कारण मिशीवाल्याला बघे हवेच होते.

ऑपरेटर काही वर्षांनी सुटून आला, तेव्हा त्याला मशीनमध्ये फिल्म ओवता येत नव्हती. बोटांचं काय केलं ते त्याने सांगितलं नाही. मिशीवाला कसा पडला ते तुमच्या पुस्तकात आहे. मला त्याचं कौतुक नाही. त्याच्या रिळी आजही सरकारी संग्रहालयाच्या थंड खोलीत नीट जपलेल्या आहेत. ती हातभर फिल्म कुठेच नाही.

पण जीप गेली त्या सकाळचं अजून सांगायचं राहिलं. वहिनी मला खाली उतरवत होती. नावाडीण माझ्या मागच्या बाजूला आली, तिथूनच तिने नेहमी पाहिलं होतं. "कुठं दिसायची हो ती?" तिने विचारलं. वहिनीने तिचा हात धरून माझ्या खालच्या कोपऱ्यावर टेकवला. तिने तिथे हळूच हात फिरवला.

आता मी तुमच्या शाळेत आहे. पुढच्या आठवड्यात मला धुवायला काढणार आहेत, असं शिपाईकाका म्हणत होते. जरूर धुवा, मी मळलो आहे. मोठ्या माणसांचे चेहरे माझ्यावर जिथे पडले, तिथे वाटेल तेवढं घासा. फक्त मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, जरा हलक्या हाताने. तिथे एक मुलगी हसायची.